अकोला ते अमरावती, मार्गे मूर्तिजापूर

खुशालराव गावंडे रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्याजवळ चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता. डाव्या हाताचा भरवसा नव्हता, म्हणून उजव्या हातानं डबा छातीशी धरून, डावा पाय जरासा ओढत ते जठारपेठेतल्या साजिदच्या दुकानाची पायरी चढले. साजिद एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडून बसला होता.

"साजिद, हे पाह्य बरं आदी. गाडी दिसूनच नाई राह्यली."

"कोन्ती गाडी, काका?"

"माही बस. काल सांजच्याले चांगली उभी करून ठेवली होती. सकाळी पायतो त जागेवर नाई."

प्रिंटरवाल्या गिऱ्हाइकानं चमकून वर पाहिलं. साजिदनं मात्र हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, डब्याला वायरी जोडल्या आणि कॉम्प्युटर सुरू केला. इंटरनेटवरच्या ज्या दुकानातून खुशालरावांनी बस चालवण्याचा खेळ घेतला होता, त्या दुकानाचं पान उघडलं. घेतलेल्या वस्तूंच्या रांगेत लाल बसचं चित्र असायचं. तिथं राखाडी चौकोन होता आणि खाली इंग्रजीत तीन ओळी. साजिदनं त्या वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"मशीन बिघडली काय?"

"मशीन चांगली हाये, काका. खेळच काढून घेतला त्यायनं."

"कोनं?"

"दुकानानं. खेळ बनवनाऱ्या कंपनीसंग त्यायचा करार संपला म्हन्ते."

"त्यायचा करार संपला त माह्या घरातली वस्तू कशी नेली? म्या त इकत घेतली ना."

साजिदनं माऊस हातात घेतला. तो इकडचं तिकडचं उघडून पाहत राहिला. थोड्या वेळानं खुशालरावांनी जे विचारायला ते एवढ्या दूर आले होते ते विचारलं.

"आन रस्ता?"

"रस्ता त्याच्यातच होता, काका," साजिद म्हणाला. "थो बी गेला."

खुशालराव एकतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यातली एकोणीस वर्षं अकोला ते अमरावती. दिवसातून दोन फेऱ्या, मार्गे मूर्तिजापूर. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात डेपोतच त्यांना लकव्याचा झटका आला. गाडीत प्रवासी नव्हते, हे त्यांचं नशीब. पंधरा दिवसांनी ते उठून बसले, महिन्याभरानं चालायला लागले, पण गिअरचा हात आणि क्लचचा पाय, दोन्ही डावीकडचे. डॉक्टरांनी कागदावर 'अपात्र' लिहिलं आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी खुशालराव घरी बसले.

बसले असं म्हणायचं. ते बसतच नव्हते. सकाळी पाचला उठून आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग कुठं जायचं नाही हे आठवलं की अंगणातल्या अंगणात फेऱ्या घालायचे. दुपारी बसस्टँडवर जायचे. फलाटाच्या खांबाशी उभं राहून कोणती गाडी किती मिनिटं उशिरा सुटली ते पाहायचे आणि घरी येऊन बायकोला, पार्वताबाईंना, सांगायचे. जेवायला बसले की उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, ब्रेक मारल्यासारखा. पार्वताबाई ब्लाऊज शिवत. शिलाई मशीनचा आवाज चढला की यांची मान वर व्हायची, इंजिन कुठं अडकतंय ते ऐकल्यासारखी. डॉक्टरांनी डावा हात सतत हलता ठेवा म्हणून बजावलं होतं. रबरी चेंडू दिला होता. दोन दिवस दाबून त्यांनी तो शेजारच्या कुत्र्यापुढं टाकला.

हा खेळ साजिदनं सुचवला. मोबाइल दुरुस्त करायला आलेल्या खुशालरावांचा पाय काउंटरखाली हलताना त्यानं पाहिला होता. त्यानं नागपूरहून जुनं स्टिअरिंग, गिअरचा दांडा आणि पायाचे पेडल मागवले, खुशालरावांकडे ईमेल नव्हता म्हणून स्वतःच्या ईमेलवर दुकानात खातं उघडलं, आणि खुशालरावांच्या बँकेच्या कार्डावरून खेळ घेतला. पहिल्या दिवशी खुशालरावांनी परदेशातल्या एका गुळगुळीत रस्त्यावर अर्धा तास बस चालवली आणि स्टिअरिंग सोडलं.

"याच्यात काय ड्रायव्हरी हाये? गड्डा नाई, ढोर नाई, मानूस नाई."

मग साजिदनं दाखवलं की या खेळात आपला रस्ता आपल्याला बनवता येतो.

त्याला दोन हिवाळे आणि मधला एक पावसाळा लागला. टंकलेखन खुशालरावांना जमेना. एक बोट आणि तेही रागीट. तेव्हा पार्वताबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. इंग्रजी अक्षरं एकेक शोधत त्यांनी थांब्यांची नावं घातली. खुशालराव डोळे मिटून सांगायचे आणि पार्वताबाई विचारायच्या, चिंच डावीकडं की उजवीकडं, पूल आधी की वळण आधी. एकतीस वर्षं त्या डबा बांधून देत आल्या होत्या. डबा कोणत्या झाडाखाली उघडला जातो ते त्यांना आता कळलं. कोणत्या फाट्यावर कोण चढतं ते कळलं. पाऊसपाणी बरं असताना बसच्या टपावर कशी गाठोडी असायची आणि मग एकामागून एक नापिकीच्या वर्षांत गाठोड्यांऐवजी पत्र्याच्या पेट्या कशा यायला लागल्या, बडनेऱ्याला उतरून पुण्याची रेल्वे धरणाऱ्या माणसांच्या, हेही कळलं.

"येवढं कदी सांगतलं नाई तुमी," त्या एकदा म्हणाल्या.

"तू इचारलं नाई."

"घरात रायले असते त इचारलं असतं."

रस्ता तयार झाल्यावर खुशालराव रोज सकाळी एक फेरी न्यायचे आणि संध्याकाळी एक आणायचे. गिअर आपोआप पडेल अशी सोय होती. ती त्यांनी बंद केली. डावा हात थरथरत का होईना, गिअरपर्यंत जायला लागला. अंगणातल्या फेऱ्या थांबल्या.

आणि दोन हजार सोळाच्या एप्रिलमध्ये ती सकाळ उगवली.

दोन दिवसांनी साजिद घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला. पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायला नाही.

"काका, एक गोस्ट सांगाची हाये. खातं माह्या ईमेलवर होतं ना. दुकानाचे दोन मेल आले होते. एक फेब्रुवारीत, एक मार्चमंदी. खेळ बंद होनार, आपलं बनवलेलं तीस दिवसांत उतरवून घ्या, असं लिवलं होतं. थे जाहिरातींच्या ढिगात गेले. म्या पायलेच नाई."

पार्वताबाईंची मशीन थांबली.

"उतरवून घेतला असता त रायला असता रस्ता?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू. दुसऱ्या खेळात बसवता आला असता."

पार्वताबाई उठून आत गेल्या आणि चहा ठेवला. तिघांनी तो प्यायला. साजिद गेल्यावर खुशालराव उठले, चपला घातल्या आणि उन्हाचे बसस्टँडकडं चालू लागले. आठ दिवस ते साजिदच्या दुकानावरून गेलेसुद्धा नाहीत. लांबच्या गल्लीनं जायचे. पुन्हा पहाटे उठणं सुरू झालं, पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पुन्हा फेऱ्या. जेवता जेवता उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. डावी मूठ वळत नव्हती आणि ती वळावी अशी त्यांची इच्छाही दिसत नव्हती.

नवव्या दिवशी मात्र ते साजिदच्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले.

"त्या दुकानाले लिव."

साजिदनं लिहिलं. पाच दिवसांनी उत्तर आलं. त्यानं ते मराठीत करून वाचून दाखवलं. आपण खेळ विकत घेतलेला नव्हता, खेळ वापरण्याचा परवाना घेतला होता. परवाना मागं घेण्याचा हक्क दुकानानं राखून ठेवला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दुसऱ्या एखाद्या खेळावर सवलत देता येईल.

"घेतला तवा बटनावर काय लिवलं होतं?"

"बाय नाऊ."

"म्हन्जे?"

"आत्ता इकत घ्या."

खुशालराव काउंटरवर ओणवे झाले. "एस.टी.त आमी पास देत होतो. पासावर पास लिवलं रायते. कधीपावतर, थे बी लिवलं रायते. पासवाल्याले आमी कधी बस इकली म्हून नाई सांगतलं. यायनं मले काहून तसं सांगतलं?"

"नियमांत होतं, काका. शेहेचाळीस पानांचे नियम हायेत. खाली 'मान्य आहे'वर आपन टिचकी मारली होती."

"छापून दे."

शेहेचाळीस पानं खुशालरावांनी घरी नेली. इंग्रजी त्यांना समजत नव्हतं, तरी ते एकेक पान उलटून पाहत होते, जणू रस्त्याचा एखादा तुकडा मध्येच कुठं सापडेल. मे महिन्यात त्यांनी जिल्हा ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. वकील केला नाही. अर्ज साजिदनं टाइप केला आणि शेवटी एक ओळ खुशालरावांनी स्वतः सांगून घालायला लावली: 'माझा रस्ता मला परत मिळावा.'

तारखा पडत गेल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. प्रत्येक तारखेला खुशालराव साडेनऊलाच हजर असायचे आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचे. शिपाई म्हणायचा, "बसा ना, गावंडेसाहेब." ते म्हणायचे, "बसतो," आणि चालत राहायचे. इंटरनेटवरचं दुकान चालवणाऱ्या कंपनीच्या वतीनं नागपूरहून एक वकील यायचे. त्यांच्या लेखी जबाबात तीन मुद्दे होते. तक्रारदार हा ग्राहकच नाही, कारण खातं दुसऱ्याच्या नावावर आहे. विक्री झालेलीच नाही, परवाना दिला होता. आणि पूर्वसूचना दोनदा पाठवली होती.

पुढच्या उन्हाळ्यात साक्षीची वेळ आली. साजिदनं शपथपत्र द्यायचं होतं की खातं त्यानं उघडलं पण खुशालरावांसाठी. मंचाकडं जायला दोघं रिक्षात बसले. तुरीचे ट्रॅक्टर सरकारी खरेदीच्या मोजणीच्या रांगेत रस्त्याच्या कडेनं उभे होते, कोणी चौथ्या दिवसाचं, कोणी आठव्या. रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती. साजिद हळू आवाजात म्हणाला,

"काका, मेल भेटलेच नाई, असं लिवून देतो म्या. कोनाले समजते? सूचनाच भेटली नाई म्हटलं त रस्त्याचं नुकसान त्यायच्यावर येते."

खुशालराव बाहेर बघत राहिले. ट्रॅक्टरच्या चाकाच्या सावलीत एक म्हातारा पोत्यावर पडला होता. खुशालरावांना ही केस जिंकायची होती. वर्षभर दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं. साजिदनं हे आपणहून सुचवावं असंही त्यांना कुठंतरी वाटत होतं, आणि आता सुचवल्यावर ते घ्यायला मन तयार होत नव्हतं.

"कुरनखेडपाशी माह्या गाडीखाली एक बैल आला होता," ते म्हणाले. "कंडक्टर म्हने, बैल अचानक आडवा आला असं लिवा. म्या लिवलं, की ड्रायव्हरचं ध्यान दुसरीकडं होतं. होतंच. शिक्षा झाली मले."

"मंग?"

"मंग काही नाई. मेल आले होते, असं लिव."

साजिदनं तसंच लिहून दिलं. मेल आले होते, मी पाहिले नाहीत. नागपूरच्या वकिलांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि खाली रेघ मारली.

त्या दिवशी पार्वताबाईही आल्या होत्या, मागच्या बाकावर. मंचाच्या अध्यक्षबाईंनी तक्रारदाराला पुढं बोलावलं.

"गावंडे, खेळाची किंमत आम्हाला कळली. पण तुम्ही म्हणता रस्ता गेला. नेमकं नुकसान काय झालं ते सांगा. मोघम नको."

खुशालरावांनी टेबलाची कड उजव्या हातानं धरली.

"अकोला बसस्टँड," ते म्हणाले. "फलाटातून गाडी मागं घ्याची, डाव्या अंगाले रसवंती हाये, थे सांभाळाची. मंग मोठ्या रस्त्याले लागाचं. बोरगाव मंजूच्या आदी एक उतार, तिथं दुसरा गिअर. बोरगावले शाळेच्या पोरी चढते, दोन मिनिटं जास्त थांबाचं. मंग काटेपूर्णेचा पूल. पुलाच्या पलीकडं कडूनिंब हाये, तिथं उन्हायात रेडिएटरात पानी टाकाचं."

वकील किंचित हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. खुशालराव मूर्तिजापूरपर्यंत आले, स्टँडवरचा चहावाला आला, रेल्वे फाटक आलं, ते लागलं तर किती वेळ जातो ते आलं. त्यांचा आवाज आता मोठा नव्हता पण अडखळतही नव्हता. टेबलाखाली डावा पाय हलत होता.

"मंग लोणी. लोणीच्या पुढं बडनेरा."

"सुभद्राचा फाटा राह्यला," मागून पार्वताबाई म्हणाल्या.

शिपायानं वळून पाहिलं. खुशालरावही थांबले.

"हो," ते म्हणाले. "थे राह्यलं. लोणीच्या आदी एक फाटा हाये, तिथं थांबा नाई. पन सुभद्रा नावाची बाई तिथून बडनेऱ्याले कापसाच्या जिनिंगात कामाले जाये. घरचा मानूस पुण्याले. दोन मैल चालत येये. तिच्यासाठी मी थांबो. खेळात बी थे जागा ठेवली होती. हिनं नाव टाकलं." ते क्षणभर पार्वताबाईंकडं पाहत राहिले. "मंग बडनेरा. मंग अमरावती. येवढंच."

अध्यक्षबाईंनी नागपूरच्या वकिलांना विचारलं, "हे परत देता येईल का?"

वकील उभे राहिले. आता ते हसत नव्हते. "नाही, मॅडम. मुदत संपल्यावर सगळं पुसून टाकलं जातं. कंपनीला वाटलं तरी आता देता येणार नाही."

निकाल पावसाळ्यात लागला. साजिदनं तो दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला खुशालरावांना बसवून वाचून दाखवला. खातं साजिदच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीनं वापरणारा खुशालराव हा ग्राहकच आहे. बटणावर 'विकत घ्या' लिहून नंतर परवाना होता म्हणणं ही अनुचित प्रथा आहे; कंपनीनं यापुढं खरेदीच्या आधीच, ठळक अक्षरांत आणि सोप्या भाषेत ते सांगावं. खेळाची किंमत व्याजासह आणि तक्रारीचा खर्च द्यावा. तक्रारदारानं बनवलेल्या मार्गाबद्दल मंचाला सहानुभूती आहे, परंतु सूचना नोंदवलेल्या पत्त्यावर पोचली होती हे साक्षीदारानं स्वतः मान्य केलं असल्यानं ती मागणी फेटाळण्यात येत आहे.

शेवटचं वाक्य वाचून साजिदनं कागद काउंटरवर ठेवला.

"माह्यामुळं, काका."

"तू खरं सांगतलं," खुशालराव म्हणाले. "चहा सांग."

कंपनीनं अपील केलं नाही. महिन्याभरात चेक मंचात जमा झाला. तो घ्यायला खुशालराव आणि पार्वताबाई दोघं गेले. खिडकीमागच्या कारकुनानं चेक काढला आणि कंपनीकडून आलेला एक छापील कागद पुढं सरकवला.

"याच्यावर सही करा. पावती हाये."

खुशालरावांनी चष्मा लावला. कागद मराठीत होता. रक्कम मिळाली, तक्रार मिटली, आणि शेवटी: 'माझी कोणतीही वस्तू अथवा हक्क विरुद्ध पक्षाकडे शिल्लक नाही.'

ते बराच वेळ त्या ओळीवर थांबले. मागं रांगेत कोणी खाकरलं.

"काय झालं?" पार्वताबाईंनी विचारलं. खुशालरावांनी ओळ दाखवली. पार्वताबाईंनी ती ओठ हलवत वाचली.

"हे त खरं नाई," त्या म्हणाल्या.

"नाई."

खुशालरावांनी खिशातलं पेन काढलं. कागद सरकू नये म्हणून डावा हात त्यावर ठेवला, आणि उजव्या हातानं त्या ओळीवर सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: 'अकोला ते अमरावती रस्ता बाकी आहे.' त्याखाली सही केली. मग पेन पार्वताबाईंच्या हातात दिलं.

"बाईची सही नाई लागत," कारकून म्हणाला.

"लागत नसन," खुशालराव म्हणाले. "रस्ता दोघायचा होता."

पार्वताबाईंनी पदरानं बोटं पुसली आणि नवऱ्याच्या सहीखाली, जागा पुरेल अशा बेतानं, आपलं पूर्ण नाव लिहिलं. कारकुनानं कागद उचलून दोन्ही सह्या वाचल्या, रेघ मारलेली ओळ वाचली, खालची वाचली. मग त्यानं शाईच्या गादीचं झाकण उघडलं आणि अक्षरांवर येणार नाही अशी जागा बघून शिक्का मारला.